आत्याचं उरलेलं वर्ष

आमच्या गल्लीत वय आपोआप वाढत नाही, ते लावून घ्यावं लागतं. गल्लीच्या टोकाच्या झाडाला वसंताची पहिली पालवी फुटली की नवं वर्ष सुरू होतं. त्या सणाला आम्ही पालवण म्हणतो. त्या दिवशी गल्लीचा ठिपकेवाला वाटी घेऊन दारोदार फिरतो. वाटीत पालवीचा हिरवा चीक असतो, माणशी एक थेंब. डाव्या कानामागे ठिपका लागला आणि सुकला की माणूस एका वर्षानं मोठा होतो, तोही तिथल्या तिथे. पोरांच्या बाह्या डोळ्यांदेखत आखूड होतात आणि मोठ्यांच्या पोटावरची बटणं ताणायला लागतात. म्हणून पालवणाला सगळी गल्ली सुट्टी घेते आणि आमचं शिंप्याचं दुकान तेवढं सकाळपासून उघडं असतं. वर्षभर शिवणीत जी माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडून ठेवलेली असते, ती त्या एका दिवसात उसवून द्यावी लागते.

आता वय असं हातानं लावायचं म्हटल्यावर ते चुकवणारेही आलेच. दरवर्षी कुणी ना कुणी लपतं. पण ठिपकेवाल्याला फार कष्ट पडत नाहीत, कारण लपणाऱ्यांना दुपारी भूक लागते आणि ते आपल्या पायांनी स्वयंपाकघरात येतात. झाडापाशी संध्याकाळचा दिवा लागला की खेळ संपला. तोवर जो सापडला नाही, त्याचं वय त्या वर्षी जिथल्या तिथे राहतं. असं शेवटपर्यंत टिकलेलं माणूस आमच्या गल्लीत एकच, ते म्हणजे माझी आत्या.

आत्या एकदा पिठाच्या पिंपात बसली होती. एकदा तिनं स्वतःला कापडाच्या ठाणात गुंडाळून फळीवर ठेवून घेतलं, आणि एका गिऱ्हाइकानं त्या ठाणाचा भावही विचारला. एका वर्षी लग्नाचे कपडे अंगावर बेतून बघायला आलेल्या मुलींच्या घोळक्यात ती तोंड झाकून उभी राहिली आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी तिला आशीर्वाद देऊन टाकले. दिवा लागला की ती कुठून तरी उगवायची, कमरेवर हात ठेवून हसायची, आणि गल्ली टाळ्या पिटायची. अशी किती पालवणं तिनं चुकवली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मी बाहुलीला झबली शिवायचे तेव्हा ती तिशीची होती, आणि माझं लग्नाचं वय उलटायला आलं तरी ती तिशीचीच होती.

यातून नात्यांचा जो गोंधळ झाला तो विचारू नका. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते तिला आक्का म्हणायचे आणि ती त्यांना बाळ्या. आता बाबांचे केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली, सुईत दोरा दुसऱ्यानं ओवून द्यायचा; आणि ते काळ्याभोर केसांच्या बाईला "आक्का, कात्री दे गं" म्हणताना दिसले की नव्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघण्यासारखं असायचं. पुष्कळांना ती त्यांची मुलगी वाटायची, आणि माझी धाकटी बहीण. या पालवणाला मी तिच्याएवढी होणार होते आणि पुढच्या पालवणाला तिच्याहून मोठी. मग तिनं मला ताई म्हणायचं की नाही, यावरून गल्लीत दोन तट पडले होते. आत्यानं जाहीर केलं होतं की ती म्हणेल, पण मग धाकटीचे सगळे लाड मी पुरवायचे.

बाबा इतक्या लवकर का थकले, हे सगळ्यांना माहीत होतं असं सगळ्यांना वाटायचं. माझी आई मी लहान असतानाच गेली. बायको गेली आणि शिंपी खचला, असं गल्ली म्हणायची. आत्याही तेच म्हणायची. आपल्या दुधावरची साय ती स्वतःच्या हातानं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवायची आणि वर बोलायचीही, "इतकं मनाला लावून घेऊ नये रे बाळ्या, बघ कसा झालायस."

गल्लीचे ठिपकेवाले बाबाच होते, आई गेली तेव्हापासून. पण गेल्या पालवणाला त्यांचा हात इतका थरथरला की इस्त्रीवालीच्या कानामागे लावायचा ठिपका तिच्या नाकावर पडला. मग वर्षभर तिचं नाक तिच्यापेक्षा एका वर्षानं मोठं होतं आणि ते तिला ऐकत नव्हतं. या वर्षी गल्लीनं ठरवलं की वाटी माझ्या हाती द्यायची. बाबा रुसले. दोन वेळा जेवले नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा मान गेला की असं होतं, असं मी आत्याला म्हटलं, आणि ती मान डोलावून माझ्याशी सहमत झाली. शेवटी बाबा एका अटीवर कबूल झाले: दिवा लागायच्या आधी वाटी त्यांच्या हातात परत द्यायची, झाडापाशी ते एकटेच जातील. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पालवणाच्या पहाटे मी झाडवाल्या काकूंकडे गेले. झाड त्या राखतात, पालवी त्याच खुडतात आणि पाट्यावर वाटून फडक्यातून चीक गाळतात. वाटी माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, उरलं तर काय करायचं माहीत आहे ना. मी म्हटलं, झाडाच्या मुळाशी ओतायचं. कुणालाही विचारा, हेच सांगेल.

"ते लोकांना सांगायचं," काकू म्हणाल्या. "झाड एकदा दिलेलं परत घेत नाही. दिवा लागताना वाटीत थेंब राहिला तर पुढचं पान फुटत नाही, वसंत तिथेच अडतो. म्हणून उरलेलं ठिपकेवाल्यानं स्वतःला लावून घ्यायचं. कुणाला सांगायचं मात्र नाही, नाहीतर वाटी धरायला माणूस मिळणार नाही. तुझ्या बाबांनी कधी कुरकुर केली नाही हो."

मी वाटी घेऊन तिथेच उभी राहिले. काकूंनी मला दोनदा विचारलं की बरं वाटतं ना. मला बाबांचे पांढरे केस दिसत होते, आणि टाळ्यांच्या कडकडाटात कमरेवर हात ठेवून हसणारी आत्या दिसत होती. इतकी वर्षं ती जे वर्ष चुकवत होती ते कुठेच जात नव्हतं. ते बाबांच्या कानामागे जात होतं.

घरी आले तर बाबा दुकानात बसून एका छोट्या सदऱ्याची बाही उसवत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. मी रडले, भांडले, आत्याला आत्ताच्या आत्ता सांगते म्हणाले. त्यांनी माझा हात धरला आणि आधी वचन घेतलं की आक्काला यातलं अक्षरही सांगायचं नाही. मग ते वर्ष मी लावून घेते, असं मी म्हटलं, तर म्हणाले, तू तसं केलंस तर मी तुझ्याशी या जन्मात बोलणार नाही. इतक्या शांतपणे म्हणाले की मला खरंच वाटलं. स्वतःचा ठिपकाही त्यांनी सकाळी लावून घेतला नाही. संध्याकाळी दोन्ही एकदमच लावतो, म्हणाले, म्हणजे दोनदा गुडघे दुखायला नकोत.

वचन तर दिलं. पण आत्या सापडली तर सांगायची वेळच येणार नव्हती. तिचा ठिपका तिच्या कानामागे लागला की प्रश्न मिटला. नाही सापडली, तर बाबा आज आणखी दोन वर्षांनी म्हातारे होणार होते. आणि त्यांच्यात आता फार वर्षांना जागा उरलेली मला दिसत नव्हती. मी पदर खोचला आणि निघाले.

ठिपकेवालीच्या मागे आमच्याकडे मोठा लवाजमा असतो. सगळ्यात पुढे पोरं, कारण त्यांना मोठं व्हायची घाई. त्यांच्यातली चलाख पोरं ठिपका पुसून पुन्हा रांगेत उभी राहतात, त्यांचे कान बघून घ्यावे लागतात. आणि सगळ्यांच्या मागून जुनं वर्ष नाचत येतं. जुनं वर्ष म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत वाळल्या पानांचा झगा घातलेला माणूस. तो मान आमच्या दूधवाल्या काकांचा. पोरं त्याला काटक्यांनी मारतात आणि त्यानं गिरक्या घेत पळायचं असतं. जुन्या वर्षानं बोलायचं नाही, आणि त्याच्या अंगावरचं पान दुसऱ्यानं काढायचं नाही. संध्याकाळी झगा त्यानं आपला आपण उतरवायचा. तोवर त्याला ठिपकाही लागत नाही, कारण जुन्याला आणखी जुनं काय करणार.

मी एकीकडे ठिपके लावत होते आणि दुसरीकडे घरं पालथी घालत होते. इस्त्रीवालीच्या कपाटातले सगळे कपडे मी बाहेर काढले. तिनं ते पुन्हा घडी घालताना मला जे ऐकवलं ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. पिंपं बघितली, ठाणं उलगडली, एका घरात पलंगाखाली शिरले तर तिथे त्या घरातले आजोबा आधीच लपलेले होते. त्यांना तिथेच ठिपका लावला. आजोबांनी तक्रार केली की तू आत्याला शोधतेयस म्हणून मी निर्धास्त होतो.

दुपारी एका ओसरीवर मोठी पेटी दिसली आणि तिच्या फटीतून आत्याच्या ओढणीचं टोक बाहेर आलेलं. मी पोरांना गप्प बसायची खूण केली, हळूच गेले आणि झाकण उघडलं. आत ओढणी होती आणि ओढणीत बांधलेला माझ्या जेवणाचा डबा. मी घाईत उपाशी राहणार हे तिला ठाऊक होतं. पोरं हसून हसून लोळली, जुन्या वर्षानं माझ्याभोवती दोन गिरक्या घेतल्या. मी तिथेच बसून डबा खाल्ला, कारण भूक लागली होती. इतकी माया करणारी बाई इतकं मोठं नुकसान करत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

ऊन कलायला लागलं तशी माझी घाबरगुंडी उडाली. सगळी घरं झाली, दूधवाल्या काकांचं तेवढं राहिलं होतं. त्यांच्या बायकोला ठिपका लावला आणि सहज म्हणून मागच्या गोठ्यात डोकावले. तिथे दूधवाले काका स्वतः स्टुलावर बसून गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. मला बघून त्यांनी घाईघाईनं डोक्यावर पोतं ओढून घेतलं. पाय मात्र पाण्यातच राहिले.

मी पोतं बाजूला केलं. काकांनी खाली मान घालून सांगितलं की गुडघे आता नाचायचे राहिले नाहीत, आणि एक भलं माणूस आपणहून म्हणालं की मी नाचतो तुमच्याऐवजी. कोण ते विचारू नकोस, शब्द दिलाय. मी विचारलं नाही. त्यांना ठिपका लावला आणि गोठ्याच्या दारातून गल्लीत बघितलं. जुनं वर्ष दोन्ही हातांत दोन पोरं धरून त्यांना गरगर फिरवत होतं. दिवसभर ते माझ्या मागून चालत होतं. मी ज्या ज्या घरात शिरले त्या घराच्या दारात उभं राहून ते माझी गंमत बघत होतं.

मला हसूही आलं आणि रडूही. आत्या सापडली, पण सापडून उपयोग नव्हता. झगा मी ओढून काढला असता तर तो ठिपका चाललाच नसता, आणि हाक मारली असती तर ती नुसती मान हलवून नाचत राहिली असती. दिवा लागेपर्यंत झगा अंगावर ठेवला की ती जिंकली. तो तिनं आपणहून उतरवायला हवा होता, आणि ती तसं करील असं एकच कारण होतं. ते सांगायचं नाही असं मी वचन देऊन बसले होते.

आत्याला सांगायचं नाही असं वचन होतं. दूधवाल्याबद्दल बाबा काही बोलले नव्हते.

मी पोरांना गोडाचं खायला पिटाळलं आणि आमच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर बसले. जुनं वर्ष जरा लांब उभं राहून माझ्याकडे बघत होतं.

"दूधवाले काका," मी हाक मारली, "बसा जरा. दमला असाल. तुमच्या गुडघ्यांना बरं नाही, मला माहीत आहे."

ते खुसखुसत आलं आणि शेजारी बसलं. पानं अजून हलत होती. आतल्या आत तिला हसू आवरत नव्हतं.

"काका, एक गोष्ट कुणालाच सांगता येत नाहीये, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही आज बोलणार नाही, तेव्हा ती बाहेर फुटणार नाही. उरलेला चीक आपण झाडाला ओततो ना? ओतत नाही. झाड घेत नाही तो. ज्याच्या हातात वाटी, त्यानं स्वतःला लावून घ्यायचा असतो. आमच्या आत्यानं जेवढी वर्षं चुकवली, तेवढी बाबांच्या अंगावर गेली. दरवर्षी एक त्यांचं आणि एक तिचं. तुम्हाला वाटतं आईच्या दुःखानं खचले. तसं नाही, काका. या वेळचंही तेच घेणार आहेत. दिवा लागायच्या आधी वाटी मागायला येतील बघा."

पानं हलायची थांबली.

समोरच्या अंगणात कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. शेवटी झग्याच्या आतून आत्याचा आवाज आला आणि तो मला ओळखू येईना.

"सगळी?" तिनं विचारलं. "पहिल्यापासून?"

"जुन्या वर्षानं बोलायचं नसतं, काका," मी म्हटलं.

तिनं झगा काढायला सुरुवात केली. गाठी सुटेनात. मला मदत करता येत नव्हती, नुसतं बघत बसावं लागलं. मग पानांचा ढीग पायरीवर पडला आणि घामानं निथळलेली, केसांत काटक्या अडकलेली माझी आत्या बाहेर आली. तिनं मान वळवून डावा कान माझ्याकडे केला. मी ठिपका लावला. तो सुकला तेव्हा तिच्या डोळ्याच्या कडेला एक बारीकशी सुरकुती उमटली. इतक्या वर्षांनंतर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन झालं होतं. तिनं डोळे पुसले आणि दणदण पावलं टाकत दुकानात गेली.

बाबा कापायच्या टेबलाशी उभे होते. तिला बघून ते आधी हसले, कारण दिवा लागायच्या आत ती कधीच दिसत नसे. मग तिच्या कानामागचा हिरवा ठिपका दिसला आणि त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मी दूधवाल्या काकांना सांगितलं, असं मी त्यांना समजावलं. ते मला काही बोलणार, तेवढ्यात आत्याचा बांध फुटला.

"मला न विचारता म्हातारा झालास," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ. तुला कडेवर घेऊन फिरवलंय मी. आणि मी तुला सांगत होते, मनाला लावून घेऊ नकोस. कशाला केलंस हे?"

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. "तू पहिल्यांदा कधी लपलीस, आठवतं?"

तिनं मान हलवली, आठवत होतं.

"हिची आई गेली त्या वर्षी. घरात कुणी हसत नव्हतं. ही पोर सुद्धा हसेनाशी झाली होती. तू पिठाच्या पिंपातून पांढरीफटक होऊन बाहेर आलीस आणि पोर खदाखदा हसली, मीही हसलो. मग वाटीत एक थेंब राहिला होता, तो लावून घेतला. मला तो महाग वाटला नाही, आक्का. पुढच्या वर्षीही नाही वाटला."

"मी तुम्हाला हसवायला लपत होते," आत्या म्हणाली. "नंतर मला जिंकायची चटक लागली, ते वेगळं. पण मला वाटायचं तू शोधतोस आणि मी सापडत नाही."

"पिंपावर टेकून मी दम खात होतो. आतून तुझ्या शिंका ऐकू येत होत्या."

यावर आत्या रडता रडता हसली आणि मग पुन्हा रडली. झालेलं परत करता येत नाही हे त्या दोघांनाही माहीत होतं. ठिपका पुसला तरी लागलेलं वर्ष कुणाच्यानं काढता येत नाही. मी तिला जवळ घेतलं, तर ती माझ्या खांद्यावरून वाटीकडे बघत होती. लपताना तिच्या तोंडावर जो भाव असतो तो मला माहीत आहे. तसाच तो हळूहळू आला.

"वाटीत आता कुणाकुणाचं आहे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, माझा थेंब आणि बाबांचा. मी माझा लगेच लावून घेतला. आत्या भावाकडे वळली.

"बाळ्या, लप."

"आक्का, हे काय वय आहे का माझं लपायचं?"

"वयाचं तू मला सांगू नकोस," ती म्हणाली आणि तिनं त्यांचा दंड धरला.

बाबांना लपता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आत्यानं त्यांना टेबलाखाली बसवलं, पुढे कापडाच्या तुकड्यांची पोती लावली, वरून एक अर्धवट शिवलेला कोट टाकला. लगेच बाबांनी विचारलं की मी दिसतोय का. ती म्हणाली, गप्प बस. मग त्यांना शिंक आली. मग त्यांचा एक पाय बाहेर राहिला, तो तिनं आत ढकलला. आणि त्यानंतर बाबांना हसू फुटलं. पहिल्यांदा नुसतं नाकातून, मग आवाज करत. कोट गदगदा हलायला लागला.

मी ठिपकेवाली. शोधणं माझं काम होतं आणि सगळ्या गल्लीसमोर मला ते करावं लागणार होतं. एव्हाना गल्ली दुकानात जमायला लागलीच होती, कारण दूधवाल्याच्या बायकोनं झग्याची गोष्ट सांगितली होती, आणि बाकीची पायरीसमोरच्या अंगणात कपडे काढणाऱ्या इस्त्रीवालीनं ऐकली होती. तिचे डोळे लाल झाले होते. आत्यानं दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की माझा भाऊ सापडत नाही, आपण सगळे मिळून शोधू या.

टेबलाखालून बाबांचं हसू स्पष्ट ऐकू येत होतं.

"कुठे गेला असेल," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिनं बटणांचा डबा उघडून आत बघितलं.

मग गल्लीनं आमचं दुकान शोधलं. पलंगाखालचे आजोबा शिलाई यंत्राचा खण काढून त्यात डोकावले. पोरांनी प्रत्येक सदऱ्याचा खिसा तपासला. दूधवाले काका लंगडत आले, टेबलावरच टेकले, आणि म्हणाले की या बाजूला तर कुणीच नाही. पोत्यामागून बाबांना आता श्वास घेता येत नव्हता इतकं ते हसत होते. मी त्यांना असं हसताना माझ्या आठवणीत कधी ऐकलं नव्हतं. मी टेबलाच्या चारही बाजूंनी फिरले, वाकले नाही, आणि खूप शोधलं असं सगळ्यांना सांगितलं.

बाहेर अंधारून आलं तशा झाडवाल्या काकू दिवा घेऊन दारात आल्या. त्यांनी वाटीत बघितलं. तळाशी एक थेंब होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण नियमानं तो माझा होता. आत्यानं माझं बोट धरलं, थेंबात बुडवलं आणि आपला उजवा कान पुढे केला.

"डाव्या कानामागे लावतात," काकू म्हणाल्या.

"डावा भरलाय. वाटी रिकामी झाली म्हणजे झालं ना? झाड कान बघायला येतंय होय?"

काकूंनी विचार केला. टेबलाखालच्या हसण्याकडे एकदा कान दिला आणि दुसरीकडे बघितलं. मी ठिपका लावला. या वेळी सुकायला वेळ लागला, आणि सुकला तेव्हा आत्यानं गुडघ्यावर हात ठेवला आणि जरा वाकून उभी राहिली. कानशिलापाशी एक पांढरा केस दिसायला लागला होता. तिनं आरशात तो बघितला, बोटानं मागे सारला, आणि मला हळूच म्हणाली की पुढच्या वर्षी ठाणांच्या फळीवर बाळ्याची सोय करू, आतापासून त्याला लपायला शिकवायला घेते.

काकू झाडाकडे गेल्या. थोड्या वेळानं बाहेर पोरांनी ओरडून सांगितलं की दिवा लागला, पान फुटलं. खेळ संपला होता. मी टेबलाकडे निघाले, बाबांना बाहेर काढायला. आत्यानं मला मागे ओढलं.

"थांब," ती म्हणाली. "त्याला थोडा वेळ जिंकू दे."

आणि मोठ्यानं बाळ्या, अरे बाळ्या, अशा हाका मारत ती दुकानाच्या भलत्याच टोकाला शोधायला गेली.